माहोयो: हिवाळा, जादू आणि टेकडीवरचं बिऱ्हाड

कवडसा

मंडळी, ‘माहोत्सुकाई नो योरू’ इथे कुणी वाचलीय का? ‘वाचलीय’ असंच विचारतोय, कारण तिच्यात खेळण्यासारखं जवळजवळ काही नाही. टाइप-मून या जपानी कंपनीची व्हिज्युअल नॉव्हेल आहे: चित्रं, संगीत, आवाज आणि आपण बटण दाबू तसा पुढे सरकणारा मजकूर. चाहते लाडाने माहोयो म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये विंडोजवर आली तेव्हा फक्त जपानीत होती आणि पात्रांना आवाज नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये स्विच आणि प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रांवर आवाजांसकट, इंग्रजीसकट आली. वर्षभराने स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातही आली. इंग्रजी नाव ‘विच ऑन द होली नाइट’.

लेखक किनोको नासू. ही गोष्ट त्याने कादंबरी म्हणून १९९६ च्या सुमारास लिहून ठेवली होती, टाइप-मूनचा पत्ताही नव्हता तेव्हा. ती छापली गेली नाही. मग २००० मध्ये त्सुकिहिमे आली, २००४ मध्ये फेट/स्टे नाइट आली, कंपनीचं नाव झालं, आणि त्यानंतर कधीतरी हे जुनं बाड बाहेर निघालं. चित्रं हिरोकाझु कोयामाची.

काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. मिसाकी नावाचं गाव (काल्पनिक), तिथे टेकडीवर एक जुना विलायती धाटणीचा बंगला. गावात बोलवा अशी की तिथे चेटकीण राहते. बोलवा खरी आहे, फक्त आकडा चुकलाय. दोघी राहतात. अ‍ॅलिस कुओन्जी ही घराची मालकीण, कमी बोलणारी, काळ्या कपड्यांतली, खानदानी चेटकीण. दुसरी आओको आओझाकी, दिवसा शाळेच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष आणि रात्री शिकाऊ जादूगार. तिचा पारा कायम चढलेला. आणि तिसरा सोजूरो शिझुकी, विजेचा दिवासुद्धा न पोचलेल्या डोंगरातल्या वस्तीतून शहरात शिकायला आलेला मुलगा. त्याला मार्गी लावायचं काम शाळा आओकोच्या गळ्यात घालते.

एका रात्री सोजूरो नको ते बघतो. जादूगारांचा कायदा सोपा आहे: बघणारा जिवंत राहता कामा नये. आओको त्याला मारायला निघते. बंद पडलेल्या एका करमणूक उद्यानातल्या आरसेघरात ती त्याच्या मागे लागते. आणि पुढच्या काही तासांत असं काही घडतं की ज्याला मारायचं होतं तो या दोघींच्या घरात राहायला येतो. मारायचा नाही ना, मग नजरेखाली ठेवा.

इथपर्यंत मला वाटत होतं, चला, आता एकामागून एक लढाया. तसं होत नाही. गोष्ट घरात शिरते आणि तिथे बसकण मारते. कोण कधी उठतं, चहा कुणी केला, कुणाच्या खुर्चीवर कोण बसलं, बाथरूम कुणाची, आलेल्या माणसाशी बोलायचं की नाही. पानंच्या पानं! आणि मला तीच सगळ्यात आवडली. कारण नंतर जेव्हा लढाई येते (येते, आणि चांगली दणक्यात येते), तेव्हा हरलं तर काय जाईल हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं. जगबिग बुडणार नसतं. हे तिघांचं नुकतंच कुठे बसायला लागलेलं बिऱ्हाड मोडणार असतं.

कुणी वाचली असेल तर बोला. शेवट उघड करणार असाल तर आधी ‘रहस्यभेद’ लिहा, एवढी विनंती.

मोगरी

वाचतेय. असलं काही असतं हेच माहीत नव्हतं. म्हणजे ही कादंबरी की गेम की कार्टून?

कवडसा

मोगरी, तिन्हीच्या मधलं. पंचवीस-तीस तास सहज जातात. पर्याय निवडून गोष्ट वळवायची सोय बऱ्याच व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये असते, हिच्या मुख्य कथेत तीही नाही. एकच वाट, एकच शेवट. मुख्य कथा संपल्यावर एक गंमतीचं रहस्यप्रकरण उघडतं, त्यात मात्र निवडायला पर्याय आहेत. सगळी पात्रं त्या बंगल्यात, आणि वाचक गुप्तहेर. ते मूळ गोष्टीइतकं जमलेलं नाही, पण हसू येतं.

तिसरी_घंटा

मी विरोधी सूर लावतो. फेट वाचून मोठ्या आशेने इकडे आलो होतो. पहिले काही तास संपता संपेनात. नासूला एक ओसरी ओलांडायला दोन पानं लागतात. हिवाळ्यातलं आकाश, मग त्या आकाशाखालचं गाव, मग त्या गावातला रस्ता, मग त्या रस्त्यावरून चाललेली मुलगी काय विचार करतेय, आणि मग ती दार उघडणार! अरे उघड की बाई. उद्यानातलं प्रकरण जबरदस्त आहे यात वाद नाही. पण त्याच्यानंतर पुन्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये. अर्ध्यावर सोडून दिली.

आणि नायक? याला कशाचंच काही वाटत नाही. त्याला ठार मारायला आलेल्या मुलीशी दुसऱ्या दिवशी नीट बोलतो. साधेपणा म्हणून मी किती सोडून द्यायचं?

शेवंती

तिसरी_घंटा, सोजूरोला काही वाटत नाही असं मला नाही दिसलं. तो चिडत नाही, एवढंच. मारणं वाईट, हे तो आओकोला तोंडावर सांगतो, तेही जीव जायची वेळ आली असताना, आणि स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या गयावयासारखं नाही. सरळ, शेजाऱ्याला ‘नळ चालू राहिलाय’ सांगावं तितक्या शांतपणे. आओकोची सगळी गडबड तिथे होते. तिच्या कायद्याला उत्तर देणारा माणूस तिला भेटलेलाच नसतो. (त्याच्या त्या शांतपणामागे काय आहे ते उत्तरार्धात कळतं. तुम्ही अर्ध्यावर सोडलीत म्हणून एवढंच सांगते.)

मला मात्र कवडसा यांच्या मांडणीत एक भर घालायची आहे. सगळे आओको-सोजूरोबद्दल बोलतात. पण घर अ‍ॅलिसचं आहे. आई नाही, वडील नाहीत, एवढा मोठा बंगला आणि त्यात एकटी मुलगी. आओकोला तिने कामापुरतं भागीदार म्हणून घेतलेलं. त्या दोघींचे नियम ठरलेले, अंतर ठरलेलं. आणि त्यात हा दणकट, भाबडा मुलगा आणून बसवला, तोही तिच्या मनाविरुद्ध. आपल्याकडे कुणी परक्याला न विचारता घरात आणून ठेवलं तर बाईमाणूस काय करेल? अ‍ॅलिस नेमकं तेच करते. बोलत नाही. त्याच्याकडे बघत नाही. तो खोलीत आला की पुस्तक मिटून उठून जाते.

आणि मग हळूहळू ती उठून जायची थांबते. कुणी त्यावर भाष्य करत नाही, ‘बघ, ती बदलली’ असं कुठलंही पात्र म्हणत नाही. एका प्रसंगात तो आत येतो आणि ती पान उलटते. बस. मी तिथे थांबून चक्क मागे जाऊन परत वाचलं.

साइतामाकर

धागा बघून लॉगिन केलं! तोक्योच्या उत्तरेला राहतो, बरीच वर्षं झाली. गोष्टीतल्या थंडीबद्दल थोडं.

आपल्याला वाटतं जपान म्हणजे सगळं अद्ययावत, घरं उबदार असणार. होक्काइदोमध्ये असतात, तिथे दुहेरी खिडक्या आणि जाड भिंती. पण बाकी जपानात, निदान जुन्या लाकडी घरांत, थंडी बाहेरच्यापेक्षा आत जास्त वाजते. ही घरं उन्हाळ्याच्या दमटपणाचा विचार करून बांधलेली, वारा खेळता राहावा म्हणून. मी आधी जिथे राहायचो तिथे सकाळी स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघायची. आख्खं घर कुणी गरम करत नाही. एक खोली गरम करायची आणि सगळ्यांनी तिथे गोळा व्हायचं. कोतात्सू म्हणजे खाली शेगडी आणि वरून रजई टाकलेलं ठेंगणं टेबल, त्यात पाय घालून बसायचं. नाहीतर रॉकेलचा स्टोव्ह. त्याच्यावर किटली ठेवलेली, म्हणजे खोलीतली हवा कोरडी पडत नाही आणि चहाला पाणी तयार.

हे सांगायचं कारण, माहोयोत बंगला विलायती पद्धतीचा असला तरी हिशोब तोच आहे. खोल्या भरपूर, पण ऊब मोजक्या जागी. त्यामुळे न पटणारी माणसंसुद्धा एकाच दिवाणखान्यात येऊन बसतात. ज्यांना एकमेकांशी बोलायचं नाही त्यांना हिवाळा एका खोलीत कोंबतो. गोष्ट उन्हाळ्यात घडली असती तर अ‍ॅलिस वरच्या मजल्यावरून उतरलीच नसती, असं माझं मत.

दुसरं म्हणजे नाताळ. जपानमध्ये नाताळची सुट्टी नसते. चोवीस तारखेची रात्र ही जोडप्यांनी फिरायची, स्ट्रॉबेरीचा केक खायचा, तळलेली कोंबडी आणायची. कुटुंबाचा सण म्हणाल तर नवं वर्ष, तेव्हा सगळे गावी जातात. मग ज्यांना जायला गावही नाही आणि जोडीदारही नाही असे तीन जण ‘पवित्र रात्री’ काय करणार? इंग्रजी शीर्षकातली ‘होली नाइट’ मला त्या दिशेने जास्त कळली.

पेठेतला_पारवा

रॉकेल! साहेब, तुमच्याकडे अजून मिळतं? आमच्याकडे रेशनच्या रांगेत डबा ठेवून जागा धरायची, तो जमाना आठवला.

साइतामाकर

पारवा, मिळतं म्हणजे काय, हिवाळ्यात गाणं वाजवत ट्रक येतो गल्लीत रॉकेल विकायला. अठरा लिटरचे प्लास्टिकचे डबे. आमच्या भागात लाल, ओसाकाकडे निळे. का ते विचारू नका, वाद आहेत.

कवडसा

अवांतर छान चाललंय, चालू द्या.  
शेवंती, तो पान उलटण्याचा प्रसंग माझ्या नजरेतून सुटला होता. आता परत बघणं आलं.

निळी_शाई

मी बालवाडीची शिक्षिका आहे, आणि मला या गोष्टीतल्या जादूबद्दल बोलायचंय, कारण ती माझ्या रोजच्या कामातली निघाली. :)

अ‍ॅलिसची जादू म्हणजे तिची खेळणी. त्यांना ‘प्लॉय’ म्हणतात. आणि ही खेळणी विलायती बडबडगीतांमधून आलेली आहेत. लंडन ब्रिज पडतोय त्या गाण्यातून टेम्स ट्रोल, पुलाचा राक्षस. हे डिडल डिडलवरून डिडल डिडल. एक बडबड्या पक्षी आहे, त्याचं नाव रॉबिन, तोही तिकडच्याच गाण्यातला. उद्यानातल्या त्या रात्री जो येतो तो फ्लॅट स्नार्क, लुईस कॅरलच्या १८७६ सालच्या लांबलचक विनोदी कवितेतल्या प्राण्याचं नाव घेतलेला. त्याने आणलेल्या खोट्या चंद्राखाली ते बंद पडलेलं उद्यान जिवंत होतं. झुले, दिवे, सगळं.

जपानी वाचकाला हे परदेशी आणि गूढ वाटत असणार. पण आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेत छोट्या शिशूला ही गाणी येतात! अर्थ न कळता हातवारे करत म्हटलेली. ‘लंडन ब्रिज’ तर जिल्ह्याच्या गावातल्या स्नेहसंमेलनातसुद्धा असतं. त्यामुळे तो ट्रोल पडद्यावर उभा राहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रोज सकाळी तीस पोरांकडून म्हणून घेते ते गाणं, आणि हा एवढा थोरला दगडी राक्षस.

खरं तर ती गाणी मुळातच भयंकर आहेत. पूल पडतो, पाळणा झाडावरून खाली येतो, अंडं फुटतं ते जुळतच नाही. आपण गोड चालीत म्हणतो म्हणून लक्षात येत नाही. नासूने फक्त चाल काढून टाकली.

मोगरी

शाई ताई, आता उद्या वर्गात लंडन ब्रिज कसं घेणार? 😄

निळी_शाई

मोगरी, आता ‘ये रे ये रे पावसा’च बरं. तिथे पैसा खोटा एवढंच नुकसान.

चौकट_मोडा

अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात काम करतो म्हणून तांत्रिक बाजूबद्दल थोडं लिहितो.

साधारण व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये काय असतं? मागे एक पार्श्वभूमीचं चित्र. त्याच्यासमोर पात्राचं कमरेपर्यंतचं चित्र चिकटवलेलं. पात्र रागावलं की त्याच चित्रातलं तोंड बदलायचं. खाली एक चौकट, त्यात नाव आणि संवाद. स्वस्तात होतं, शंभर प्रसंगांना तेच सामान पुरतं.

माहोयोने हे जवळजवळ सगळं सोडून दिलंय. संवादाची चौकट नाही, मजकूर चित्रावरच येतो. पात्रं कधी पाठमोरी, कधी दाराच्या फटीतून, कधी नुसते हात आणि कप. एकाच खोलीचे वेगवेगळ्या कोनांतले देखावे, आणि दिव्याचा प्रकाश दिवसाच्या वेळेनुसार बदललेला. तुकड्यांना एकमेकांवरून सरकवत, जवळ आणत, लांब नेत असा भास निर्माण केलाय की कॅमेरा फिरतोय. खऱ्या अर्थाने हलती फ्रेम फार कमी आहे! हे काम त्सुकुरिमोनोजी या टोपणनावाने काम करणाऱ्या दिग्दर्शकाचं. माझ्या मते निम्मं श्रेय त्याला द्यायला हवं. २००८ मध्ये घोषणा झाली आणि हातात पडायला २०१२ उजाडलं, मधे तारखा पुढे ढकलत राहिले, ते का हे बघताना कळतं.

घराची ती दृश्यं लक्षात राहतात त्याचं कारणही इथेच आहे. कमरेपर्यंतचं चिकटवलेलं पात्र कुठेही उभं असू शकतं, त्याला जागा नसते. इथे माणूस अमुक सोफ्याच्या अमुक टोकाला बसलेला दिसतो. खिडकी कुठल्या बाजूला, जिना कुठे, हे आपल्याला पाठ होतं. त्यामुळे शेवंती म्हणतात तो प्रसंग लागू पडतो. अ‍ॅलिस कुठून उठून जाते हे आधी बऱ्याच वेळा दाखवलेलं असतं.

संगीत हिदेयुकी फुकासावाचं. हेडफोन लावून ऐका.

तिसरी_घंटा

चौकट_मोडा, हे पटलं. चित्रांबद्दल माझी तक्रार नव्हतीच. पण इतकं देखणं करून मजकूर एवढा पसरट का ठेवायचा हा प्रश्न उरतोच. चित्रात खिडकी दिसतेय, तर मला पुन्हा शब्दांत खिडकी कशाला?

कवडसा

घंटा, या मुद्द्यावर मी निम्मा तुमच्या बाजूने आहे. नासूला कात्री चालवणारा संपादक हवा होता. सुरुवातीचे शाळेचे प्रसंग तर बिनदिक्कत निम्मे करता आले असते. आओकोच्या शाळेतल्या मित्रमंडळींवर तो जितका वेळ घालवतो तितकं काही ती मंडळी नंतर करत नाहीत. पुढे भाग येणार म्हणून पेरून ठेवलंय, आणि ते भाग काही आले नाहीत.

पण घरातली पानं मला कापायची नाहीत.

अर्धा_चंद्र

रहस्यभेद, थोडासा. ज्यांना नको त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जा.

थोरल्या बहिणीची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. तोको आओझाकी. आओझाकी घराण्याची जादू आजोबांकडून नातीकडे जायची. तोको थोरली, लहानपणापासून तिला त्यासाठीच वाढवलं, तिने बाकी काही केलंच नाही. धाकटी आओको साध्या मुलीसारखी शाळेत जात होती. आणि ऐन वेळी आजोबांनी वारसा दिला धाकटीला. पिढीजात गवयाने थोरल्या मुलाकडून वीस वर्षं रियाज करून घ्यावा आणि गंडा बांधावा धाकट्याला, ज्याला तोवर सा कुठे लागतो हेही माहीत नाही. थोरला गप्प बसेल?

म्हणून तोको या गोष्टीत खलनायिका म्हणून येते तेव्हा मला तिचा राग येईना. मिसाकीच्या जमिनीतल्या शक्तीची ठाणी ती एकेक करून फोडत जाते, ते अन्यायाने गेलेलं घर परत मिळवायला. घराचाच मुद्दा काढायचा तर या गोष्टीत घर नसलेली एकच व्यक्ती आहे आणि ती तोको. सोजूरोलासुद्धा मिळतं.

ज्यांनी नासूच्याच ‘कारा नो क्योकाई’ या कादंबरीवरचे चित्रपट पाहिलेत त्यांना ती आधीपासून माहीत असेल. तिथे ती दहा वर्षांनी मोठी आहे, बाहुल्या बनवते, सिगरेट ओढते, टोमणे मारते, आणि स्वतःसारख्याच वाट चुकलेल्यांना कामाला ठेवते. माहोयो वाचल्यावर तो तिचा कारखाना वेगळाच दिसतो.

शेवंती

अर्धा_चंद्र, आओकोची बाजू: तिने मागितलं नव्हतं. तिचंही साधं आयुष्य गेलंच की. कॉलेज, नोकरी, जे काही मनात असेल ते. तिचा सगळा रागीटपणा मला तिथून आलेला वाटतो. आणि लेखकाने तो शेवटपर्यंत मवाळ केला नाही, मुलगा आला म्हणून तिला लाजरीबुजरी केलं नाही, याबद्दल त्याला मानते. ती सोजूरोवर ओरडते ती शेवटच्या प्रकरणातही तशीच ओरडते. पण ज्या गोष्टीवर ओरडते त्या बदललेल्या असतात.

पेठेतला_पारवा

मी अजून वाचलेली नाही, पण एक शंका. ऐंशीच्या दशकाची अखेरच का? आज घडवली असती तर काय बिघडलं असतं?

साइतामाकर

पारवा, चांगला प्रश्न. इथल्या लोकांना तो काळ वेगळा आठवतो. ७ जानेवारी १९८९ ला सम्राट हिरोहितो गेले आणि शोवा युग संपलं, दुसऱ्या दिवसापासून हेइसेइ. बासष्ट वर्षांचं युग. त्याच सुमारास जमिनीचे भाव आकाशाला भिडलेले, सगळीकडे बांधकामं. मोबाइल नाही. बाहेर असलात तर सार्वजनिक फोन, फोनकार्ड घालून. रात्री कुणी घरी आलं नाही तर वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. गोष्टीला ते फार सोयीचं आहे.

पेठेतला_पारवा

म्हणजे आपल्याकडे पिवळे एसटीडी पीसीओ फुटायला लागले तो काळ. रात्री अकरानंतर दर कमी होतो म्हणून रांग लावणारा मी एक.

कवडसा

साइतामाकर यांच्या उत्तराला जोडून. काळाचा संबंध जादूशीही आहे.

नासूच्या जगात जादूचे दोन प्रकार. एक, जे पैसा, वेळ आणि यंत्रं ओतून साध्या माणसालाही करता येईल पण जादूगार दुसऱ्या वाटेने करतो. आग लावणं, लांबून निरोप देणं. दुसरी, जी कशानेही करता येत नाही. ही खरी, आणि ती जगात फक्त पाच. आता विज्ञान पुढे गेलं की दुसऱ्या प्रकारातलं पहिल्यात ढकललं जातं, म्हणजे जादूगारांची जमीन दरवर्षी आखडत चाललीय. शिवाय जादू जितक्या लोकांना कळते तितकी ती कमजोर होते. साक्षीदार मारायचा तो त्यामुळे. निव्वळ क्रौर्य म्हणून नव्हे, एक वाटेकरी वाढू नये म्हणून.

आणि या सगळ्यात येतो सोजूरो. त्याला विजेचा दिवा, टेलिफोन आणि आओकोच्या हातातून सुटणारा निळा गोळा, तिन्ही सारखेच नवे! शहरातल्या माणसाने जादू पाहिली तर त्याचं जग हादरेल. याचं हादरत नाही, कारण डोंगरावरून उतरल्यापासून तो रोज असलंच काहीतरी बघतोय. म्हणून तो जादू बघूनही त्या दोघींकडे माणसं म्हणून बघतो. त्यांना तसं बघणारं घरात दुसरं कुणी नसतं. घंटा, तुम्हाला तो थंड वाटला ना, माझ्या मते तो थकलेला आहे. दिवसभर नव्या गोष्टी शिकायच्या, शाळा करायची, वर पोटासाठी कामं करायची, आणि रात्री घरी आलं तर भिंतीवर पक्षी बोलतोय.

तिसरी_घंटा

‘भिंतीवर पक्षी बोलतोय’ 😂

बरं. परत उघडून बघतो. पण मला एक सांगा, जिथून सोडली तिथून सुरू करू की पहिल्यापासून?

चौकट_मोडा

जिथून सोडली तिथून. मागचा मजकूर वाचायची सोय आहे. आणि ऑटो मोड लावा, मजकूर आपोआप सरकतो. आवाज असल्यामुळे संवादांना त्यांचा त्यांचा वेग मिळतो. आओकोला हारुका तोमात्सु, अ‍ॅलिसला काना हानाझावा आणि सोजूरोला युसुके कोबायाशी. सुरुवातीला मजकूर स्वतः ढकलत गेलं की ओसरी ओलांडायला खरंच दोन पानं लागतात. ऑटोवर तीच पानं अंगावर येत नाहीत, दिवे मंद करून चहा घेत बसता येतं.

मोगरी

मला आता घ्यावीशी वाटतेय. कुठे घेऊ? आणि घरात बारा वर्षांची मुलगी आहे, तिच्यासमोर चालेल का?

कवडसा

मोगरी, संगणक असेल तर स्टीमवर सगळ्यात सोपं. फार ताकदीचा संगणक लागत नाही. इंग्रजी पुरे होईल. मराठी अर्थातच नाही.

मुलीबद्दल: टाइप-मूनच्या सुरुवातीच्या व्हिज्युअल नॉव्हेल प्रौढांसाठी होत्या, ही तशी नाही. अश्लील काही नाही. रक्त आणि मारामारी आहे, उत्तरार्धात एक-दोन जागा खऱ्या अर्थाने दचकवणाऱ्या आहेत. लांडगा येतो ते प्रकरण आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि मग ठरवा.

निळी_शाई

आणि मुलगी लंडन ब्रिज विसरायच्या वयाची झाली असेल तर उत्तमच.

तिसरी_घंटा

काल रात्री पुन्हा लावली, ऑटोवर. सोजूरो बंगल्यात राहायला आला तिथपर्यंत आधीच पोचलो होतो, तिथून पुढे. अजूनही म्हणतो की कात्री हवी होती. पण अ‍ॅलिस पुस्तक मिटून उठते ते आता मोजतोय. शेवंती, ते पान उलटायचं कुठे आहे, साधारण कुठल्या प्रकरणात? सांगू नका, नको. सापडेल तेव्हा इथे येऊन लिहितो.

शेवंती

नाहीच सांगणार. :)

साइतामाकर

घंटा, वाचताना पंखा बंद ठेवा. गोष्टीत बर्फ पडतंय.